ऊसतोड कामगारांचे व्यावसायिक आरोग्य आणि सुरक्षितता

साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या व तो वाहनात भरणाऱ्या हंगामी स्थलांतरित मजुरांना कामाच्या ठिकाणी असलेले धोके, त्यांपासून संरक्षणाची व्यवस्था आणि नव्याने कामावर येणाऱ्या मजुरांना मिळणारी माहिती व प्रशिक्षण यांचा समावेश ऊसतोड कामगारांचे व्यावसायिक आरोग्य आणि सुरक्षितता या विषयात होतो. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांमध्ये बीड जिल्ह्यातील मजुरांची संख्या सर्वाधिक मानली जाते. साखर कारखान्याच्या आवारात काम करणाऱ्या कामगाराला सुरक्षाविषयक माहिती व प्रशिक्षण मिळण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. त्याच कारखान्यासाठी शेतात ऊस तोडणाऱ्या मजुराला मात्र कामाच्या धोक्यांची ओळख करून देण्याची जबाबदारी कारखान्याची, वाहतूक कंत्राटदाराची की मुकादमाची, हे प्रत्यक्ष व्यवहारात अनिश्चित राहिलेले आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यानंतर या विषयाकडे देशपातळीवर लक्ष वेधले गेले.

पार्श्वभूमी

बीड जिल्हा मराठवाड्यात असून तो पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटच्या डोंगररांगा जातात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज इत्यादी तालुक्यांतील मोठा भाग हलक्या जमिनीचा आणि कोरडवाहू आहे. खरिपाचे पीक निघाल्यानंतर गावात पुरेसे काम उरत नाही. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या सुमारास गाळप सुरू केल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखानदारी वाढत गेली आणि तोडणीसाठी मोठ्या मनुष्यबळाची गरज निर्माण झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून होणाऱ्या हंगामी स्थलांतराला वेग आला.

साधारणपणे दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर गाव सोडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर हे जिल्हे, तसेच कर्नाटकातील बेळगाव व बागलकोट हे जिल्हे ही त्यांची मुख्य कामाची ठिकाणे आहेत. बीड जिल्ह्यातही साखर कारखाने असून काही मजूर जिल्ह्यातच काम करतात. राज्यातील ऊसतोड कामगारांची संख्या विविध अंदाजांनुसार आठ ते दहा लाखांच्या घरात सांगितली जाते. हे काम हंगामी आणि नोंदणी अपुरी असल्याने हे आकडे अंदाजाच्याच स्वरूपाचे आहेत.

कामाची रचना

ऊसतोडीच्या मजुरीचा एकक ‘कोयता’ हा आहे. पती-पत्नीच्या जोडीला एक कोयता, तर एकट्या मजुराला अर्धा कोयता म्हटले जाते. हंगामापूर्वी मुकादम मजुरांना ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि हंगामात केलेल्या कामातून ती फेडून घेतली जाते. हंगामाअखेर फेड पूर्ण झाली नाही तर उरलेली रक्कम पुढील हंगामावर चढते. कामाचे दाम टनावर ठरतात. एखाद्या दिवशी मजूर कामावर आला नाही तर त्याचा ‘खाडा’ धरला जातो आणि अनेक टोळ्यांमध्ये त्यासाठी दंड आकारला जातो.

कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये अनेक दुवे असतात. कारखाना किंवा त्याची तोडणी व वाहतूक यंत्रणा वाहनमालकाशी करार करते, वाहनमालक मुकादमाला रक्कम देतो आणि मुकादम टोळी उभी करतो. कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी तोड करायची हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. त्यामुळे कामाचे ठिकाण आणि वेग कारखान्याच्या गरजेनुसार ठरत असले, तरी मजुराचा लेखी करार सहसा कारखान्याशी झालेला नसतो.

वाहतुकीच्या साधनानुसार कामाचे प्रकार पडतात. बैलगाडी किंवा टायरगाडीने ऊस नेणारे मजूर ‘गाडी सेंटर’चे, तर मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरणारे मजूर ‘डोकी सेंटर’चे म्हणून ओळखले जातात. ऊस जमिनीलगत तोडणे, पाचट सोलणे, शेंड्याकडील वाढे छाटणे, मोळी बांधणे, ती वाहून नेणे आणि वाहन भरणे अशी कामाची क्रमवारी असते. पहाटे अंधारात सुरू झालेले काम वाहन उशिरा आल्यास रात्रीपर्यंत लांबते.

नव्या मजुराची कामाशी ओळख

संघटित उद्योगात नव्या कामगाराला रुजू होताना उद्बोधन वर्गातून यंत्रांची माहिती, संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग, संरक्षक साधनांचा वापर, प्रथमोपचाराची सोय आणि अपघाताची नोंद कोणाकडे करायची या गोष्टी सांगितल्या जातात. ऊसतोडीत अशी औपचारिक पद्धत रुढ नाही. नवा मजूर आई-वडील, सासू-सासरे किंवा टोळीतील अनुभवी जोडीदार यांच्याकडून काम करता करता शिकतो. कोयता कसा धरावा, ऊस कोणत्या बाजूला पाडावा, मोळी किती मोठी बांधावी, फळीवरून वाहनावर कसे चढावे ही कौशल्ये अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होतात.

या पद्धतीत कामाचे कौशल्य मिळते, मात्र धोक्याविषयीची माहिती त्याच प्रमाणात मिळत नाही. शिकवणारा स्वतःच टनावर राबत असल्याने नवख्याला थांबून समजावण्यात त्याची मजुरी बुडते. साप चावल्यास काय करावे, जवळचे शासकीय रुग्णालय कोणते, अपघाताची भरपाई कोणाकडे मागावी यांसारखी माहिती टोळीतील ज्येष्ठांकडेही असेलच असे नाही. दर हंगामात कारखाना बदलल्यास प्रदेशही नवा असतो.

नवख्या मजुरांमध्ये नुकतेच लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण लक्षणीय असते. पूर्ण कोयत्याला उचल अधिक मिळत असल्याने आणि गावात मुलीला एकटे ठेवणे असुरक्षित वाटत असल्याने स्थलांतरित कुटुंबांत मुलींची लग्ने लवकर होतात, असे अनेक अभ्यासांत नमूद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. अशा मुलीचा फडातील पहिला दिवस हाच बहुधा तिचा नोकरीचा पहिला दिवस असतो. त्या वेळी तिच्या वयाची, प्रकृतीची किंवा गरोदरपणाची नोंद घेणारी यंत्रणा कामाच्या ठिकाणी नसते.

व्यावसायिक धोके

जखमा : कोयत्याचा वार निसटून डाव्या हाताची बोटे, नडगी आणि पाऊल यांना होणाऱ्या जखमा सर्वाधिक परिचित आहेत. अपुरा प्रकाश, दवाने ओले झालेले हात आणि थकवा यांमुळे त्यांची शक्यता वाढते. उसाच्या पात्याच्या करवती कडेने हात, मान आणि चेहऱ्यावर चरे उमटतात. तोडलेल्या उसाचे टोकदार बुडखे पायात घुसतात आणि पात्यांमुळे डोळ्याला इजा होते. माती लागलेल्या जखमेतून धनुर्वाताचा धोका असल्याने प्रतिबंधक लस महत्त्वाची ठरते.

भार वाहणे : दिवसभर कंबरेत वाकून तोडणी केल्यानंतर मोळ्या डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वाहनावर चढावे लागते. त्यामुळे मान, पाठ, कंबर आणि गुडघे यांचे विकार जडतात. फळीवरून घसरून पडल्याने अस्थिभंग किंवा मणक्याची गंभीर दुखापत होऊ शकते.

साप, विंचू आणि वन्यप्राणी : उसाच्या दाट फडात उंदीर असतात आणि त्यांच्या मागे सापही येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप आहेत. विंचूदंशही आढळतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो, हे महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनातून पुढे आले. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर असून पहाटे व रात्री काम करणारे मजूर आणि पालांजवळ खेळणारी त्यांची मुले यांना त्यापासून धोका असतो.

उष्णता : हंगामाच्या उत्तरार्धात, फेब्रुवारीनंतर तापमान वाढते. उभ्या फडात वारा खेळत नसल्याने उष्णतेचा ताण अधिक जाणवतो. शौचालय नसल्याने स्त्रिया पाणी कमी पितात. त्यातून निर्जलीकरण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग संभवतो.

वाहतूक : क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या ट्रॉल्या, मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या बैलगाड्या आणि रात्रीचा प्रवास यांमुळे रस्ते अपघात होतात. गावाहून कारखान्याकडे जाताना आणि परतताना मजूर संसाराच्या सामानासह उघड्या वाहनातून प्रवास करतात. या प्रवासातही अपघात घडतात.

निवास : मजूर कारखान्याच्या तळावर किंवा शेताजवळ बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. तेथे आग, थंडी, डास आणि अस्वच्छ पाणी यांचा त्रास होतो. चुलीचा धूर लहान जागेत कोंडतो. पालकांसोबत फडात आणलेली लहान मुले वाहनाखाली सापडणे, विहिरीत किंवा शेततळ्यात पडणे अशा दुर्घटनांना बळी पडू शकतात.

स्त्री कामगारांचे आरोग्य

ऊसतोड करणाऱ्या स्त्रीचा दिवस फडाच्या आधी सुरू होतो आणि फडानंतर संपतो. स्वयंपाक, पाणी व मुलांचे संगोपन सांभाळून ती तोडणीत आणि मोळ्या वाहण्यात पुरुषाइतकाच भार उचलते. मजुरी मात्र जोडीच्या नावे, बहुधा पतीच्या हातात दिली जाते. मासिक पाळीच्या काळात स्वच्छ पाणी, आडोसा आणि विश्रांती मिळत नाही. गरोदर स्त्रिया प्रसूतीच्या जवळच्या दिवसांपर्यंत काम करतात आणि स्थलांतरामुळे त्यांच्या तपासण्या व बालकांचे लसीकरण खंडित होते.

२०१९ च्या पूर्वार्धात बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण जास्त असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनाला नोटीस बजावली. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. या प्रश्नाच्या चौकशीसाठी विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही सर्वेक्षणांचे वयोगट व पद्धती भिन्न असल्याने ही तुलना ढोबळ आहे, तरीही फरकाचे प्रमाण मोठे आहे.

या शस्त्रक्रियांमागे एकच कारण सांगता येत नाही. अस्वच्छतेमुळे होणारे जननमार्गाचे संसर्ग, जड ओझ्यामुळे वाढणारा अंग बाहेर येण्याचा त्रास, पाळीच्या दिवसांतील खाड्याचा दंड, लहान वयातील विवाह व बाळंतपणे आणि काही ठिकाणी डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची भीती ही कारणे पुढे आली आहेत. हंगामात उपचार घ्यायला वेळ मिळत नसल्याने दुखणे अंगावर काढले जाते आणि गावी परतल्यावर किंवा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ‘कायमचा इलाज’ म्हणून शस्त्रक्रिया स्वीकारली जाते. तिचा खर्च भागवण्यासाठी घेतलेली उचल फेडण्याकरिता पुन्हा तेच काम करावे लागते. कमी वयात गर्भाशयासोबत अंडाशयही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

जिल्हा प्रशासनाने २०१९ मध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक केले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. बिहार, छत्तीसगड व राजस्थानमधील अशाच प्रकारांविषयीच्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल देताना या सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. मार्च २०२४ मध्ये द न्यूयॉर्क टाइम्स आणि द फुलर प्रोजेक्ट यांच्या शोधवृत्तामुळे महाराष्ट्रातील साखर खरेदी करणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या जबाबदारीचा प्रश्नही चर्चेत आला.

कायदेशीर चौकट

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये भोपाळ वायू दुर्घटनेनंतर १९८७ साली महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. कलम ७अ नुसार कामगारांना सुरक्षेसाठी आवश्यक माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे भोगवटादाराचे कर्तव्य ठरले. कलम १११अ नुसार आरोग्य व सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कामगाराला मिळाला. महाराष्ट्रात या तरतुदींची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करत असे. साखर कारखान्यात बाष्पक, रसाच्या तापत्या टाक्या, फिरती यंत्रे आणि मळीच्या बंदिस्त टाक्या हे धोके असतात. साठवलेल्या बुरशीयुक्त बगॅसच्या धुळीमुळे ‘बगॅसोसिस’ हा फुप्फुसाचा विकार होतो. डिसेंबर २०१७ मध्ये परळी तालुक्यातील वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात उकळत्या रसाच्या टाकीच्या दुर्घटनेत अनेक कामगार भाजले आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. कारखान्याच्या आवारातही प्रशिक्षण व देखरेखीची गरज किती मोठी आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

ऊसतोड मजुराचे कामाचे ठिकाण शेत असल्याने तो सामान्यतः या अधिनियमाच्या कक्षेत येत नसे. इतर कायद्यांच्या बाबतीतही अशीच स्थिती दिसते. आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मजुरांसाठी होता. त्यामुळे बीडहून बेळगावला गेलेली टोळी त्याच्या कक्षेत येऊ शके, तर कोल्हापूरला गेलेली टोळी येत नसे. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ मधून केवळ साखरनिर्मिती करणारे हंगामी कारखाने वगळलेले होते. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० मध्ये पिण्याचे पाणी, शौचालय व प्रथमोपचार यांची सोय कंत्राटदाराने न केल्यास ती मूळ मालकाने करावी अशी तरतूद होती. तोडणीच्या साखळीत मूळ मालक कोण, हा प्रश्न मात्र वादाचा राहिला. उचलीच्या बदल्यात मजुराला सक्तीने राबवून घेणे हे वेठबिगारी पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार गुन्हा ठरू शकते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार असंघटित क्षेत्रातील स्त्रियांना जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखाने, कंत्राटी कामगार व आंतरराज्य स्थलांतरित कामगार यांच्या कायद्यांसह तेरा कायदे एकत्र करण्यात आले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नियुक्तिपत्र देणे आणि विहित वर्गातील कामगारांची विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणी करणे ही मालकाची कर्तव्ये तीत नमूद आहेत. ऊसतोड मजुराला त्यांचा लाभ मिळण्यासाठी त्याचा मालक कोण हे निश्चित होणे आवश्यक आहे.

शासकीय व संघटनात्मक उपाय

ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी दीर्घकाळ मुख्यतः मजुरीवाढ आणि मुकादमाच्या कमिशनच्या प्रश्नांवर संप केले. बबनराव ढाकणे आणि परळी तालुक्यातील नाथ्रा येथील गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) हे या चळवळीतील प्रमुख नेते होते. दर काही वर्षांनी साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. विमा, आरोग्य तपासणी आणि निवास या मागण्याही संघटनांनी मांडलेल्या आहेत. महिला किसान अधिकार मंच (मकाम) आणि अन्य संस्थांनी ऊसतोड महिलांच्या स्थितीचे अभ्यास केले आहेत.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाच्या अखत्यारीत असून त्याच्या पुणे येथील कार्यालयाचे उद्‌घाटन एप्रिल २०२२ मध्ये झाले. गाळप केलेल्या उसावर प्रतिटन दहा रुपये कारखान्यांकडून आणि तितकीच रक्कम शासनाकडून असा त्याचा निधी उभारण्याची योजना आहे. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम २०२१ पासून हाती घेण्यात आले. मजुरांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना सुरू झाली. मुले गावी राहू शकल्यास फडातील अपघातांपासूनही त्यांचे संरक्षण होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या शोषणाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

उद्बोधनाचे अपेक्षित घटक

ऊसतोडीसाठीच्या सुरक्षा व आरोग्य उद्बोधनात कामाच्या स्वरूपानुसार पुढील बाबींचा समावेश होऊ शकतो.

• हंगामापूर्वी गावात : मजुरांची नोंदणी व ओळखपत्र, वयाची खातरजमा, आरोग्य तपासणी, धनुर्वाताची लस, गरोदर स्त्रियांची स्वतंत्र नोंद, माता व बालकांच्या आरोग्याची कार्डे सोबत देणे, उचल व दर यांची लेखी माहिती.

• तळावर पोहोचल्यावर : जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र व सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय, १०८ ही रुग्णवाहिका सेवा, पाण्याची व शौचालयाची जागा, आगीपासून संरक्षण, तक्रार कोणाकडे करायची याची माहिती.

• फडात : दोन मजुरांमधील सुरक्षित अंतर, कोयत्याची धार व मूठ यांची तपासणी, हातमोजे, नडगीरक्षक व बूट यांचा वापर, पाणी पिण्याच्या व विश्रांतीच्या वेळा, अंधारात तोडणी टाळणे.

• भरणी व वाहतूक : फळीची रुंदी व पकड, मोळीच्या वजनाची मर्यादा, भरलेल्या वाहनावर बसून प्रवास न करणे, गाड्यांना परावर्तक लावणे.

• प्रथमोपचार : रक्तस्राव दाबून थांबवणे, अस्थिभंग झालेला अवयव स्थिर ठेवणे, उष्माघात झालेल्यास सावलीत नेऊन अंग ओले करणे. सर्पदंशात जखम कापू नये, विष तोंडाने ओढू नये व घट्ट आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

• स्त्रियांचे आरोग्य : पाळीतील स्वच्छता, संसर्गाची लक्षणे, शस्त्रक्रियेपूर्वी शासकीय रुग्णालयातील दुसरे वैद्यकीय मत घेण्याचा पर्याय आणि लैंगिक छळाविरुद्ध तक्रारीचा मार्ग.

मजुरांमध्ये साक्षरता कमी असल्याने छापील सूचनांपेक्षा प्रात्यक्षिके, चित्रे आणि बोलीभाषेतील संभाषण अधिक उपयोगी ठरते. प्रशिक्षणाचा वेळ कामाचा वेळ धरून त्याची मजुरी मिळाली तरच टनावर काम करणारा मजूर त्यासाठी थांबू शकतो.

इतर देशांतील अनुभव

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात १९३० च्या दशकात इंगहॅम परिसरातील तोडणी कामगारांमध्ये उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची (वाइल्स आजार) साथ आली. कामगारांनी तोडणीपूर्वी फड पेटवून उंदीर नष्ट करण्याची मागणी केली आणि त्यासाठी संप केले. त्या देशात पुढे तोडणीचे पूर्ण यांत्रिकीकरण झाले. ब्राझीलमध्ये २००५ मध्ये लागू झालेल्या एनआर-३१ या नियमावलीने शेतीतील मालकांवर संरक्षक साधने विनामूल्य पुरवण्याचे आणि प्रशिक्षण देण्याचे बंधन घातले. निकाराग्वा व एल साल्वादोर या मध्य अमेरिकी देशांत ऊस कामगारांमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले. तेथे ‘पाणी, विश्रांती, सावली’ हा कार्यक्रम राबवल्यानंतर मूत्रपिंडाला होणारी तीव्र इजा कमी झाल्याचे अभ्यासांत दिसून आले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या शेतीतील सुरक्षा व आरोग्य करारात (क्रमांक १८४, २००१) शेतमजुरांना त्यांच्या शिक्षणाची व भाषेची पातळी लक्षात घेऊन प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. जून २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाचा समावेश कामाच्या ठिकाणच्या मूलभूत हक्कांमध्ये केला.

अडचणी

उद्बोधनाच्या मार्गातील प्रमुख अडचण जबाबदारीच्या विभागणीची आहे. मजुराची नोंदणी त्याच्या गावात, काम दुसऱ्या जिल्ह्यात आणि उपचार बहुधा परतल्यानंतर पुन्हा गावाकडे होतात. परिणामी अपघाताची नोंद कामाच्या ठिकाणी राहत नाही आणि आजाराचा कामाशी असलेला संबंध रुग्णालयाच्या कागदावर उमटत नाही. नोंद नसल्याने भरपाईचा दावा टिकत नाही आणि प्रतिबंधाचे नियोजनही करता येत नाही.

माहिती मिळाल्याने सर्व धोके टळतात असे नाही. खाड्याचा दंड, टनावरील दाम आणि फेडायची उचल कायम असताना आजारी मजुराला विश्रांती घेणे परवडत नाही. म्हणून आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते प्रशिक्षणाबरोबर शौचालये, पाणी, आजारपणातील रजा, विमा आणि उचलीच्या पद्धतीतील सुधारणा यांची मागणी करतात. तोडणी यंत्रांचा वापर वाढत असल्याने शारीरिक कष्ट कमी होण्याची शक्यता असली, तरी त्याबरोबर यंत्रांचे नवे धोके आणि बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातील मजुरांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहतो.